रूळ गेले, वाट राहिली

अमेरिकेतील मिझुरी राज्यात रोशपोर्ट या चिमुकल्या गावापाशी १८९३ साली खोदलेला, जेमतेम पाऊणशे मीटर लांबीचा एक बोगदा आहे. त्यातून आता पायी चालणारे आणि सायकलस्वार जातात. मिझुरी-कॅन्सस-टेक्सास रेल्वेच्या जुन्या मार्गावर तयार झालेली ‘केटी ट्रेल’ सुमारे ३८५ किलोमीटर लांब असून तिचा मोठा भाग मिझुरी नदीच्या काठाने जातो. बोगदा मागे टाकून पूर्वेकडे निघाले, की डावीकडे चुनखडीचे उभे कडे आणि उजवीकडे गढूळ, रुंद नदी अशी सोबत सुरू होते. पायांखाली चुनखडीचाच बारीक चुरा दाबून बसवलेला असतो आणि सायकलचे चाक त्यावरून सरकताना एकसारखी करकर ऐकू येते.

या वाटेवर दम लागत नाही, याचे श्रेय इंजिनाच्या दुबळेपणाला द्यायला हवे. आगगाडीला चढ सोसत नाही (कसारा घाटात तिला जादा इंजिने जोडावी लागतात, हे आपण पाहतोच), म्हणून रेल्वेच्या अभियंत्यांनी नदीकाठची सपाटी धरली. मात्र त्याच सपाटीमुळे पुराचे पाणीही सहज रुळांपर्यंत पोहोचत असे आणि १९८६च्या पुरानंतर कंपनीने या मार्गावरील वाहतूक बंद केली.

एरवी अशा मार्गाखालची बरीचशी जमीन तुकड्यातुकड्यांनी आसपासच्या मालकांकडे परत गेली असती. परंतु १९८३च्या कायदादुरुस्तीनुसार, पुढेमागे रेल्वेला गरज पडेल या हिशेबाने मार्ग अखंड राखून तोवर त्यावर पायवाट करता येते; म्हणजे कागदोपत्री आपण अजूनही रेल्वेच्या मार्गावरूनच चालत असतो! ही पळवाट मला मोठी चतुर वाटते, तरी जमीन परत मिळण्याची वाट पाहणाऱ्या आणि त्यासाठी न्यायालयात गेलेल्या शेतकऱ्यांचा संतापही मला अनाठायी वाटत नाही. टेड आणि पॅट जोन्स या दांपत्याने मोठी देणगी दिली आणि १९९० मध्ये रोशपोर्टजवळचा पहिला टप्पा खुला झाला.

पुढे १९९३च्या महापुराने या वाटेचाही बराच भाग उखडला. तो दुरुस्त झाला, कारण चुरा पुन्हा अंथरणे हे रूळ पुन्हा टाकण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.