लूप आला, पण फिल्म फेरोइलेक्ट्रिक आहे का?

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रश्न नेहमीचाच: "ऑक्साइडच्या पातळ फिल्मवर छान लूप मिळाला, मग ती फेरोइलेक्ट्रिक झाली ना?" लूप म्हणजे व्होल्टेज वर-खाली नेताना मिळणारा ध्रुवीकरणाचा बंद आलेख. ध्रुवीकरण म्हणजे पदार्थातले धन-ऋण प्रभार एकमेकांपासून सरकणं; ते व्होल्टेज काढल्यावरही टिकलं आणि उलट्या व्होल्टेजनं उलटलं, तर पदार्थ फेरोइलेक्ट्रिक. नुसत्या लूपवरून तसं म्हणता येत नाही. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स स्कॉट यांनी 2008 मध्ये केळ्याच्या सालीचा, म्हणजे फेरोइलेक्ट्रिक नसलेल्या वस्तूचा, लूप छापून हेच दाखवलं होतं.

मोजणारं यंत्र ध्रुवीकरण मोजतच नाही. इलेक्ट्रोडवर जमलेला प्रभार मोजतं आणि त्याला क्षेत्रफळानं भागतं. फिल्ममधून झिरपणारा करंटही त्याच बेरजेत धरला जातो. समजा, 1 किलोहर्ट्झच्या त्रिकोणी व्होल्टेजच्या शिखरावर गळती दर चौरस सेंटिमीटरला 0.1 अँपिअर आहे. अर्धं आवर्तन 0.5 मिलिसेकंदाचं आणि सरासरी करंट शिखराच्या निम्मा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला झाले 25 मायक्रोकूलंब. बेरियम टायटनेट या खऱ्या फेरोइलेक्ट्रिकच्या स्फटिकाचं ध्रुवीकरण याच एककात साधारण 26 आहे! मात्र वारंवारता 10 किलोहर्ट्झ केली की गळतीचा वाटा 2.5 वर येतो. खरं ध्रुवीकरण असं दहापट कोसळत नाही.

म्हणून लूपआधी करंटचा आलेख उघडा. ध्रुवीकरण उलटतं तेव्हा करंटचं शिखर व्होल्टेजच्या शिखराआधी येतं आणि मग करंट खाली उतरतो. गळतीत करंट व्होल्टेजसोबत शेवटपर्यंत चढतो, आणि लूपची टोकं गोल राहतात.

यापुढची कसोटी पाच पल्सची, म्हणजे व्होल्टेजच्या पाच छोट्या ठोक्यांची. आधी एक ऋण पल्स देऊन फिल्म एका दिशेला लावायची, मग दोन धन, दोन ऋण. पहिल्या धन पल्समध्ये उलटणं, धारिता (साध्या कपॅसिटरसारखा साठणारा प्रभार) आणि गळती असं सगळंच असतं, दुसऱ्यात उलटणं नसतं. वजाबाकीत उरतं ते कामाचं. इथे घोटाळा होतो तो पल्सच्या लांबीत. 100 नॅनोमीटर जाडी, 200 मायक्रॉन व्यासाचा इलेक्ट्रोड आणि 500 परावैद्युतांक धरला तर धारिता सुमारे 1.4 नॅनोफॅरड. त्याला 1 किलोओहमचा रोध जोडला की कालांक, म्हणजे प्रभार भरायला लागणाऱ्या वेळेचं माप, 1.4 मायक्रोसेकंद. पल्स याच्या कित्येक पट लांब हवी, नाहीतर फिल्म पुरती उलटतच नाही. उलट, फिल्ममधल्या दोषांच्या सापळ्यात अडकणारे प्रभार पहिल्या-दुसऱ्या पल्समध्ये वेगळे वागतात आणि वजाबाकीतही खोटा आकडा सोडतात. त्यामुळे पल्सची लांबी आणि मधला अवकाश दोन्ही बदलून पाहावं.

इलेक्ट्रोडचा व्यास मास्कच्या (ज्यातून इलेक्ट्रोडचा धातू बसवतात त्या जाळीच्या) छिद्रावरून धरू नका, सूक्ष्मदर्शकाखाली मोजा. व्यासात 10 टक्के चूक झाली तर क्षेत्रफळ 21 टक्क्यांनी चुकतं. दोन-तीन व्यासांवर मोजल्यावर प्रभार क्षेत्रफळाऐवजी परिघाच्या प्रमाणात वाढला, तर दोष कडेच्या गळतीत आहे.

फिल्म थंड करणं मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानाकडे गेल्यावर गळती बहुधा प्रचंड घटते. ध्रुवीकरण उलटायला जास्त व्होल्टेज लागतं, पण ते उलटतं. थंडीत लूपच चपटा झाला तर व्होल्टेज वाढवून पुन्हा पाहा. तरीही उघडला नाही, तर फिल्मच्या ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांकडे आणि शिसं किंवा बिस्मथ उडून गेल्यानं बिघडलेल्या प्रमाणाकडे वळावं लागेल.