सातशे सत्तर अंशांपर्यंतची शेपटी

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी सलग पाच महिने माझा एकही नमुना शुद्ध आला नाही. विषय होता निओडिमियम, लोखंड आणि बोरॉनचं संयुग. निओडिमियमचे दोन अणू, लोखंडाचे चौदा, बोरॉनचा एक. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला जपानात मासातो सागावा आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी वेगवेगळ्या वाटांनी या संयुगाचा चुंबक शोधला. त्याआधीच्या ताकदवान चुंबकांना सॅमेरियम आणि कोबाल्ट लागायचं, आणि कोबाल्ट महाग. मला या संयुगातलं थोडं निओडिमियम काढून तिथे सिरियम बसवायचं होतं, कारण सिरियम जास्त सापडतं आणि स्वस्त पडतं.

आमच्या घरात लोखंड नवीन नव्हतं. माझे वडील, आप्पा, बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीत मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारे. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमातला, त्यामुळे निओडिमियम, सिरियम म्हणजे काय ते घरी सांगताना शाळेतलाच शब्द वापरला: दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं. आप्पा म्हणाले, "मृदा म्हणजे माती नव्हे काय? मग आमचंच काम की हे." मी तेव्हा हसून सोडून दिलं. पुढे वाचलं, की आगीला दाद न देणाऱ्या ऑक्साइडांना जुने रसायनशास्त्रज्ञ खरोखर मातीच म्हणत. नाव तिथून आलं.

नमुना करायची रीत अशी. धातूंचे तुकडे मिलिग्रॅमपर्यंत मोजायचे, पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या वाटीत ठेवायचे, भट्टीतली हवा काढून आरगॉन भरायचा आणि विजेच्या ठिणगीने वितळवायचे. गोळी उलटायची, पुन्हा वितळवायची, चार-पाच वेळा. मग ती तापवत चुंबकत्व मोजायचं. निओडिमियमचं शुद्ध संयुग 312 अंश सेल्सिअसच्या आसपास चुंबकत्व सोडतं; सिरियम घातलं की हा आकडा खाली येतो. आलेखाची रेघ तिथे खाली पडून शून्याला टेकायला हवी. माझी रेघ पडायची, पण टेकायची नाही. एक बारीक शेपटी पुढे थेट 770 अंशांपर्यंत जायची. 770 ला चुंबकत्व सोडतं ते साधं लोखंड. माझ्या संयुगात लोखंड सुटं राहत होतं.

सगळ्यांचा संशय ऑक्सिजनवर. निओडिमियम हवेत झपाट्याने गंजतं. गंजात निओडिमियम गेलं की त्याच्या वाट्याचं लोखंड उरणारच. म्हणून मी वजन करण्याच्या मिनिटभर आधी तुकडे कानशीने घासू लागलो. वितळवण्याआधी टायटॅनियमची गोळी तापवून आरगॉनमधला उरलासुरला ऑक्सिजन तिला पिऊ दिला. शेपटी आणखी बारीक झाली, गेली नाही. त्या दिवसांत मी रात्री झोपेतसुद्धा वजनं मोजत होतो.

खंडेनवमीला घरी आलो. पूजेच्या आदल्या दिवशी फौंड्रीत लोखंड वितळवायची शेवटची हीट होती, आप्पांचा डबा घेऊन गेलो. ओतण्याआधी त्यांनी पाचरीच्या आकाराचा एक छोटा तुकडा ओतून घेतला, गार केला आणि हातोड्याने मोडला. लहानपणापासून पाहिलेली गोष्ट, कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. "पातळ कड पांढरी, जाड भाग करडा. लोखंड तेच. कड लगेच गार झाली, जाड भागाला वेळ मिळाला. वेळ मिळाला की आतलं आत वेगळं होतं बघ."

मी तो तुकडा हातात धरून बराच वेळ उभा होतो. माझी गोळी 12 ग्रॅमची. तिचा तळ तांब्याला टेकलेला, म्हणून लगेच गोठणारा. वरचा फुगीर भाग मागून. या मिश्रणात आधी लोखंडाचेच स्फटिक गोठतात, आणि सावकाश गार होणाऱ्या भागात त्यांना वाढायला वेळ मिळतो. आणि मी मोजायला तुकडा नेहमी वरून काढत होतो.

परत गेल्यावर आधी जुनी गोळी मोडली. तळाच्या तुकड्याची शेपटी अगदी बारीक, वरच्याची जाड. मग गोळ्या चार ग्रॅमच्या केल्या, पसरट. निओडिमियम हिशेबापेक्षा किंचित जास्त घातलं. टँटलमच्या पत्र्यात गुंडाळून, निर्वात क्वार्ट्‌झच्या नळीत बंद करून, उरलंसुरलं सुटं लोखंड संयुगात मुरावं म्हणून 900 अंशांवर सात दिवस ठेवलं आणि नळी थेट बर्फाच्या पाण्यात सोडली. निओडिमियमचा पाचवा हिस्सा काढून सिरियम घातलेल्या त्या नमुन्याची रेघ 280 च्या आसपास पडली आणि खालीच राहिली. मी मोजणी आणखी दोनदा केली.

प्रबंधात त्या पाचरीचा उल्लेख मी आग्रहाने ठेवला. पुढची सगळी वर्षं याच धातूंत गेली. एप्रिल 2025 मध्ये चीनने सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. उष्णतेत चुंबक टिकवणारी डिस्प्रोसियम आणि टर्बियम त्यात होती. तेव्हा आप्पांचा फोन आला. "तुझी माती अडवली म्हणे?" मग पुढे बराच वेळ सिरियमबद्दल विचारत राहिले, किती घालता येतं, कुठे निघतं.

त्या पहिल्या चांगल्या गोळीचा अर्धा भाग काचेच्या नळीत बंद करून मी त्यांना दिला होता. बेळगावचा पावसाळा तिला सोसणारा नाही, म्हणून नळी वितळवून बंद केली आहे. ती देवघराशेजारच्या फळीवर असते. दर पावसाळ्यात ते नळी उजेडात धरून बघतात आणि मला कळवतात, "अजून गंजली नाही."