४६ अंशांवर अडलेला वर्ट

बिअरची चाचणीची बॅच होती, २० लिटर पेल एल (फिकट रंगाची बिअर). उकळलेला वर्ट, म्हणजे यीस्ट घालण्याआधीचा माल्टचा गोड अर्क, यीस्टसाठी १९ अंशांपर्यंत गार करायचा होता. नळाचं पाणी २९ अंशांचं. तांब्याची कॉइल (आतून गार पाणी फिरवायची वेटोळी नळी) उकळी संपायच्या पंधरा मिनिटं आधीच भांड्यात सोडलेली, म्हणजे ती वेगळी निर्जंतुक करायला नको. आच बंद करून पाणी सुरू केलं आणि पारा भराभर ६५पर्यंत उतरला. ४६ला मात्र रेंगाळला.

सहकाऱ्यानं नळ पूर्ण सोडला. काही फरक नाही. मी कॉइलमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात थर्मामीटर धरला, तर ३१. पाणी रिकाम्या हातानं परत येत होतं! कॉइलभोवती थंड वर्टचा थर साचला होता, त्यामुळे बाकीच्या वर्टची उष्णता तांब्यापर्यंत पोचत नव्हती. निर्जंतुक पळीनं वेढ्यांच्या मधून, फेस न आणता ढवळायला लागलो, तसं बाहेरचं पाणी ३६वर गेलं. नळ उलट निम्मा केला.

तरी २९च्या पाण्यानं वर्ट २९च्या खाली जाणं शक्यच नाही, आणि शेवटचे काही अंश तर फारच वेळ खातात, कारण वर्ट आणि पाणी यांच्या तापमानातला फरक जितका कमी, तितका थंड होण्याचा वेग कमी. म्हणून ३६ला नळ काढला आणि बादलीत ८ किलो बर्फ, ५ लिटर पाणी आणि छोटा बुडीत पंप ठेवून तेच पाणी कॉइलमधून फिरवलं. ३६वरून १९वर आणायला साधारण १४०० किलोज्यूल उष्णता काढावी लागते; एक किलो बर्फ वितळताना ३३४ शोषतो. बादलीतलं पाणी गार करण्यातही बर्फ खर्ची पडतो, तेव्हा ८ किलो जास्त नाही. उकळीपासूनच बर्फ वापरला असता, तर वीसेक किलो लागला असता.

घाई असते ती दोन कारणांनी. ८०च्या वर डायमिथाइल सल्फाइड तयार होत राहतं (उकडलेल्या मक्याचा वास) आणि हॉप्सचा (बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा) कडवटपणाही वाढत जातो. ६०च्या खाली आल्यावर जंतूंची भीती. म्हणून कॉइलचे जोड भांड्याच्या काठाबाहेर हवेत. क्लिप सैल असेल, तर कच्च्या पाण्याचे थेंब थेट वर्टमध्ये पडतात.

१९ हा आकडाही ढवळूनच घेतला. कॉइलशेजारी धरलेला थर्मामीटर नेहमीच कमी दाखवतो, आणि त्यावर विसंबलं तर यीस्ट गरम वर्टमध्ये पडतं.