औषध शोधलं नाही, मग पुरस्कार कशाचा?

नवं औषध न शोधणाऱ्यांना मधुमेहातला पुरस्कार कशासाठी देतात, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. मी मिरजेत मधुमेहाच्या पेशंटना आहार, गोळ्यांच्या वेळा, इन्सुलिन कसं घ्यायचं हे समजावून सांगण्याचं काम करते. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनचा रिचर्ड रूबिन यांच्या नावाचा एक पुरस्कार आहे. मधुमेहात माणसं कशी वागतात, त्यांच्या मनात काय चालतं, याचा अभ्यास करणाऱ्यांना तो देतात. शिबिरात हे सांगितलं की कुणीतरी विचारतंच, "नवं औषध नाही, नवं मशीन नाही, मग पुरस्कार कशाचा?" डॉक्टरही विचारतात, सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदीचे व्यापारीही.

रूबिन बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले मानसशास्त्रज्ञ. त्यांच्या बहिणीला आणि मुलाला मधुमेह होता, म्हणजे हा आजार त्यांच्या घरातच होता. २०१३ साली ते गेले.

आता उत्तर. पेशंट तीन महिन्यांतून एकदा डॉक्टरांसमोर बसतो, फार तर पंधरा मिनिटं. मधले नव्वद दिवस चहात साखर घालायची की नाही, गोळी जेवणाआधी की नंतर, शेतात जाताना पायात काही घालायचं की नाही, हे त्याचं तोच ठरवतो. आणि एचबीएवनसी या रक्ताच्या तपासणीत साखरेची त्याच नव्वद दिवसांची सरासरी उतरते. पंधरा मिनिटांचा अभ्यास तेवढा शास्त्र आणि नव्वद दिवसांचा अभ्यास म्हणजे गप्पा, हे मला पटत नाही.

आकडेच हवे असतील तर तेही आहेत. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३,२३४ माणसांवर अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली, २००२ साली तिचे निष्कर्ष आले. आठवड्याला १५० मिनिटं चालणं आणि वजनात ७ टक्के घट, एवढं उद्दिष्ट ज्यांना दिलं आणि शिकवणारं माणूसही सोबत दिलं, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत ते ३१ टक्क्यांनी घटलं. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी २००६ मध्ये आपल्या लोकांवरची चाचणी प्रसिद्ध केली. तिथे जीवनशैलीतल्या बदलाने २८.५ टक्के आणि मेटफॉर्मिनने २६.४ टक्के घट झाली. म्हणजे आपल्याकडेही वागणं औषधाच्या तोडीस तोड उतरलं.

पण खरं मोल मला दुसरीकडे दिसतं. आपल्याकडे पेशंटच्या फाइलवर "पथ्य पाळत नाही", "औषध घेत नाही" असं लिहून मोकळं होतात. का घेत नाही, हे कोण विचारणार? गळीत हंगामात फडावर गेलेला ऊसतोड कामगार घ्या. सकाळी ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेतली, भाकरी सोडायला दुपारचे दोन वाजले. मध्येच घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली. साखर खाली गेली होती. दुसऱ्या दिवशी त्याने गोळी बंद केली. त्याच्या बाजूने पाहिलं तर तो शहाण्यासारखाच वागला. त्याला दामटण्यापेक्षा कामाचा आणि जेवणाचा मेळ बघून गोळी बदलायला हवी, पण त्यासाठी आधी त्याचा दिवस माहीत हवा. तो दिवस समजून घेणं हेच या संशोधकांचं काम.

इन्सुलिनचं तर विचारूच नका. "सुई लागली म्हणजे संपलंच" असं मी रोज ऐकते. २००१ मध्ये १३ देशांत डॉन नावाचं सर्वेक्षण झालं, त्यात भारतही होता आणि त्याच्या अभ्यासकांत रूबिनही होते. इन्सुलिन सुरू होणं म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं, असं पेशंटना वाटत असल्याचं त्यात दिसलं. इन्सुलिन लांबणीवर टाकण्यात डॉक्टरही मागे नव्हते, हेही दिसलं. "ऐकलं नाहीत तर सुई लावावी लागेल" हे वाक्य आपल्याकडे किती सहज बोललं जातं! उपचारालाच शिक्षा करून ठेवल्यावर माणूस तो आनंदाने कसा घेईल? हे वाक्य बंद व्हावं असं मला मनापासून वाटतं.

१९९५ मध्ये मानसशास्त्रज्ञ विल्यम पोलोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या पेशंटसाठी वीस प्रश्नांचा एक तक्ता प्रसिद्ध केला. प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण, बेरजेला १.२५ ने गुणायचं. चाळीस किंवा त्याहून जास्त गुण आले तर या आजाराचं ओझं माणसाला असह्य होतंय असं समजायचं. पुढे काय होईल याची धास्ती, पथ्य मोडल्यावर खाणारी अपराधी भावना, चारचौघांत लोकांनी खाण्यावरून बोलणं, हे सगळं त्यात आहे. लग्नाच्या पंगतीत "तुला हे चालतं का गं?" असं विचारल्यावर जिलबीचं ताट बाजूला सारणाऱ्या बाईला काय वाटतं, ते गुणांत मोजायची सोय कुणीतरी केली. हे मला फार मोठं काम वाटतं.

तरी त्या वीस प्रश्नांत एक नाही: घरातला स्वयंपाक कोण ठरवतं? आमच्याकडच्या कितीतरी बायका सासऱ्यांच्या, नवऱ्याच्या, मुलांच्या आवडीचं रांधतात आणि उरेल ते शेवटी खातात. "भात कमी करा" म्हटलं की मान डोलावतात. उरलेला भात टाकायचा कुठे, हे त्या मला विचारत नाहीत आणि कागदावरही तशी जागा नाही.

मिरजेत १९६२ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, भोवती उसाचा पट्टा आहे, पेशंटला तोटा नाही. इथल्या एखाद्या मुलीने पीएचडीला हाच विषय घ्यावा: शेवटी जेवणाऱ्या बाईची साखर. माझ्याकडे येणाऱ्या बायकांशी तिची गाठ मी घालून देईन. त्या बोलतात, भरभरून बोलतात, फक्त कुणीतरी तास-दीड तास बसायला हवं.