प्राचार्य दुसरीकडे निघाले की: आधी चार्ज, मग शाल-श्रीफळ

प्राचार्यांची दुसऱ्या कॉलेजात किंवा विद्यापीठात निवड झाली, की निरोप समारंभाची बोलणी लगेच सुरू होतात. चार्जची, म्हणजे पदभार सोपवायची, यादी मात्र शेवटच्या आठवड्यात घाईघाईने टाइप होते आणि पुढचे कित्येक महिने ऑफिस त्याचा मनस्ताप भोगत राहतं. महाराष्ट्रातल्या अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयांपुरतं हे लिहितोय.

निवडीचं पत्र हातात आलं की संस्थेला लेखी कळवायचं आणि नियुक्ती आदेशातला नोटिशीचा कालावधी मोजायचा. मूळ पदावर धारणाधिकार (त्या पदावर परतण्याचा हक्क, म्हणजे लिएन) हवा असेल तर तो कार्यमुक्त होण्याआधीच मागायचा, नंतर नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या विनियमांनुसार प्राचार्यपद पाच वर्षांचं असतं. कामाचं मूल्यमापन होऊन आणखी पाच वर्षांची एक मुदत मिळू शकते आणि मुदत संपली की प्रोफेसर म्हणून मूळ संस्थेत परतायचं असतं. परतायची ही वाट धारणाधिकारावरच टिकते. कार्यमुक्तीच्या आदेशात ‘मध्यान्हपूर्व’ की ‘मध्यान्होत्तर’ हे स्पष्ट लिहून घ्यावं. इथून मध्यान्होत्तर सुटून दुसऱ्या दिवशी मध्यान्हपूर्व तिकडे रुजू झालं, की सेवेत खंड पडल्याची शंका कुणी काढत नाही.

सगळ्यात जास्त अडतं ते सह्यांच्या अधिकारावर. संस्थेने प्रभारी प्राचार्य नेमले म्हणजे काम झालं, असं होत नाही. विद्यापीठाची मान्यता लागते आणि वेतनदेयकावर सही चालावी म्हणून उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाकडे प्रस्ताव जावा लागतो. तो आधी पाठवलेला नसेल तर पहिला फटका शिक्षक आणि शिपायांच्या पगाराला बसतो. म्हणून प्रभारींचं नाव निदान महिनाभर आधी ठरलेलं हवं. बँकेचंही तसंच. प्रत्येक खात्यासाठी ठराव, नवा सही-नमुना आणि केवायसी लागतं. मुख्य खातं सगळ्यांच्या लक्षात असतं. राहून जातात ती एनएसएसचं, परीक्षेचं आणि एखाद्या जुन्या अनुदानाचं अशी बाजूची खाती. सगळ्या पासबुकांची शेवटची शिल्लक रोजकीर्दीशी ताळा करून दोघांनी सही करावी. मुदत ठेवींच्या पावत्या यादीवरून वाचू नयेत, प्रत्यक्ष मोजाव्यात.

आता मोबाइल. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलचं प्राचार्य लॉगिन, वेतन प्रणाली, एआयएसएचई (उच्च शिक्षणाचं अखिल भारतीय सर्वेक्षण), परीक्षेच्या दिवशी प्रश्नपत्रिका उतरवून घ्यायचं विद्यापीठाचं लॉगिन: यातले बरेच ओटीपी प्राचार्यांच्या खासगी नंबरवर येतात. नंबर बदलला नाही तर परीक्षेच्या सकाळी नवे प्राचार्य संगणकासमोर बसलेले आणि ओटीपी दोनशे किलोमीटरवर, प्रवासात असलेल्या माणसाच्या फोनवर. शिष्यवृत्तीचे अर्ज मंजुरीसाठी अडकून पडतात ते वेगळंच. प्रत्येक पोर्टलवर नंबर आणि ईमेल बदलून, नव्या माणसाने एकदा प्रत्यक्ष लॉगिन करून पाहिल्यावरच यादीत खूण करावी. कॉलेजच्या नावाचं एक सिमकार्ड कायम ऑफिसात ठेवणं हा मला पटलेला उपाय. डिजिटल स्वाक्षरीचं टोकन मात्र कुणालाही देऊ नये. ती सही व्यक्तीची असते, खुर्चीची नव्हे. नव्या प्राचार्यांनी स्वतःची काढायची. टीडीएसच्या विवरणपत्रात जबाबदार व्यक्तीचं नाव आणि पॅन बदलायला अकाउंटंटला आठवण करून द्यावी.

कपाटाच्या चाव्या देताना परीक्षेचं कपाट उघडून दाखवावं. कोऱ्या उत्तरपत्रिका ‘गठ्ठे बारा’ अशा लिहायच्या नसतात. कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत, मधल्या किती रद्द, हे लिहायचं. दाखल्यांच्या कोऱ्या पुस्तकांचंही तेच. शिक्के मोजून, कागदावर त्यांचे ठसे उमटवून द्यावेत. जडवस्तू नोंदवहीची (डेडस्टॉक रजिस्टरची) पडताळणी विभागप्रमुखांकडून आधीच करून घ्यावी, एका दिवसात ती होत नाही. आणि शिक्षकांच्या नावावर पडून असलेली उचल (आगाऊ घेतलेली रक्कम)! स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा, शिबिर यांच्या पावत्या न आल्याने ती तशीच राहते आणि लेखापरीक्षणात आक्षेप निघतो तो पैसे मंजूर करणाऱ्यावर. अनुदानांची विनियोग प्रमाणपत्रंही (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचे दाखले) जाण्याआधीच सनदी लेखापालाकडून घेऊन पाठवावीत.

माझ्या मते याहून महत्त्वाची आहे ती कॅसची, म्हणजे शिक्षकांच्या पदोन्नती योजनेची (करिअर अॅडव्हान्समेंट स्कीम) फाइल. सहायक प्राध्यापक वेतनाच्या लेव्हल 10 वरून 11 वर जायला पीएचडी असेल तर चार वर्षं, एमफिल असेल तर पाच, नसेल तर सहा. ज्यांची तारीख जवळ आली आहे किंवा उलटून गेली आहे, त्यांचे प्रस्ताव जाणाऱ्या प्राचार्यांनी तपासून, शेरा देऊन पुढे पाठवावेत. ज्यांनी काम पाहिलं त्यांचाच शेरा खरा. नव्या माणसाला त्या वर्षांबद्दल काय लिहावं हेच कळत नाही आणि फाइल टेबलावर पडून राहते. गोपनीय अहवालांचंही तसंच. हे काम अर्धवट टाकून जाणं म्हणजे सहकाऱ्याच्या पगारवाढीवर पाय देणं आहे.

चार्ज यादीच्या शेवटी एक पान ‘चालू प्रकरणं’ म्हणून जोडावं. कोर्टातल्या तारखा, माहिती अधिकारातले अर्ज आणि त्यांची तीस दिवसांची मुदत कधी संपते, अंतर्गत तक्रार समितीपुढचं काम, नॅकचा (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला द्यायचा) वार्षिक अहवाल कुठवर आला, महाविद्यालय विकास समितीची पुढची बैठक. प्राचार्य या समितीचे सदस्य सचिव असतात, म्हणून शेवटच्या बैठकीचं इतिवृत्त सही करूनच जावं. यादीच्या तीन प्रती काढाव्यात: एक देणाऱ्याची, एक घेणाऱ्याची, एक संस्थेची. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या.

निरोप समारंभ चार्ज झाल्यानंतर ठेवावा, म्हणजे मन मोकळं असतं. मनोगत आठ-दहा मिनिटांत आटोपावं. आपल्या कारकिर्दीत कोणती इमारत झाली हे सगळ्यांना दिसतंच. त्यापेक्षा ती कुणाच्या धडपडीमुळे उभी राहिली ते सांगावं. प्रयोगशाळा परिचर, शिपाई, ग्रंथालयातले कर्मचारी यांची नावं कागदावर लिहून घ्यावीत, आयत्या वेळी नेमकी तीच आठवत नाहीत. अपुऱ्या राहिलेल्या कामांची आश्वासनं मंचावरून देऊ नयेत, ती पुरी करण्याचा अधिकार आता आपला नाही. मुलांना मात्र एक गोष्ट जरूर सांगावी: उद्यापासून बोनाफाइडवर आणि शिष्यवृत्तीच्या अर्जावर सही कोण करणार. प्रभारी प्राचार्यांना शेजारी उभं करून त्यांचं नाव घ्यावं.

नंतर ऑफिसचे फोन येतच राहतात. फाइल कुठे आहे, पत्र कधी पाठवलं, हे विचारलं तर लगेच सांगावं. काय करू असं विचारलं तर प्रभारी प्राचार्यांकडे जायला सांगावं.