डोंगर आणि किनाऱ्यावरची जुनी मोजणी एका जागी आणताना

दोन संरक्षित उद्यानं, एक डोंगरातलं आणि एक किनाऱ्याचं. दोन्हीकडे कित्येक वर्षं ठरावीक जागी, ठरावीक पद्धतीने मोजणी चालू होती. ती सगळी तपासून एका डेटाबेसमध्ये आणायची आणि कोणालाही वापरता येईल अशी सार्वजनिक भांडारात जमा करायची, हे काम माझ्याकडे आलं. फील्डवर जाऊन मोजणारी माणसं वेगळी असतात, विश्लेषण करणारी वेगळी. मधल्या जागेवर मी होते. या मधल्या कामाबद्दल फार कमी लिहिलं जातं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एका वर्षाच्या मोजणीतून निसर्गाबद्दल फारसं काही कळत नाही. एखाद्या वर्षी बर्फ उशिरा वितळतो, एखाद्या वर्षी वादळाने खडक खरवडून निघतो. बदलाला दिशा आहे की नाही, हे कळायला दशकं जावी लागतात. युरोपातल्या ३०२ शिखरांवरच्या वनस्पतींच्या नोंदी एकत्र करून २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या काही नोंदी १४५ वर्षांपर्यंत मागे जात होत्या. शिखरांवरच्या वनस्पतींच्या जातींची संख्या वाढते आहे, आणि वाढीचा वेग अलीकडे आणखी चढला आहे, हे त्यातून दिसलं. एकोणिसाव्या शतकात शिखर चढून तिथल्या झाडोऱ्याची यादी करणाऱ्याला आपली वही पुढे अशी उपयोगी पडेल हे माहीत असणं शक्यच नव्हतं. त्याने जागा नीट लिहून ठेवली होती, तेवढं पुरलं. मला या कामाची ओढ लागली ती अशा नोंदींमुळे.

हाती आलेला ऐवज सगळ्या प्रकारचा होता. पाण्यात न भिजणाऱ्या कागदावर पेन्सिलीने भरलेली पत्रकं, वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या काळात केलेल्या एक्सेल फाइली, तापमान नोंदवणाऱ्या लॉगरच्या फाइली, क्वाड्रॅटचे, म्हणजे मोजणीसाठी ठेवायच्या चौकटीचे, हजारो फोटो. सुरुवातीलाच मी एक नियम केला आणि शेवटपर्यंत पाळला: मूळ फाइलला हात लावायचा नाही. ती जशी आली तशी कुलूपबंद. दुरुस्ती करायची ती प्रतीवर, तीही हाताने नाही तर स्क्रिप्ट लिहून. म्हणजे कोणता आकडा कधी, का आणि कोणाच्या सांगण्यावरून बदलला याचा माग राहतो. हे वेळखाऊ आहे, पण दहा वर्षांनी कोणी विचारलं की हा आकडा मूळ कागदावर काय होता, तर उत्तर देता आलं पाहिजे.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो रिकाम्या रकान्यांवर. किनाऱ्याच्या पत्रकावर पंचवीस-तीस जातींची नावं छापलेली असतात आणि समोर आकडा लिहायचा असतो. जिथे काहीच लिहिलेलं नाही तिथे काय समजायचं? शोधलं पण सापडलं नाही, म्हणजे शून्य? की पाणी चढायला लागलं म्हणून तेवढं पाहायचं राहिलं? की त्या वर्षी ती जात यादीतच नव्हती? तिन्हींचा अर्थ पूर्ण वेगळा आहे. एक्सेलमध्ये भरताना कोणीतरी सगळीकडे शून्य भरून टाकलं असेल, तर एखादी जात त्या वर्षी नाहीशी झाली असं चित्र उभं राहतं. मी मूळ पत्रकं काढून एकेक रिकामा रकाना पाहिला. कोपऱ्यात ‘लाटा मोठ्या, खालचा पट्टा सोडला’ असं लिहिलेलं दिसलं की जीव भांड्यात पडायचा. जिथे काहीच खुलासा नव्हता तिथे ‘माहीत नाही’ असं वेगळं चिन्ह ठेवलं. शून्य हा आकडा शोध घेतल्याच्या खात्रीनेच लिहायचा, हे माझं मत या कामात पक्कं झालं.

तारखांचा घोळ त्यामानाने लवकर सुटला. डोंगरातल्या काही भेटींची तारीख प्लॉट, म्हणजे मोजणीची जागा, आखण्याच्याही आधीची निघाली. फरक मोजला तर दरवेळी १४६२ दिवस, म्हणजे चार वर्षं आणि एक दिवस. जुन्या मॅकवरच्या एक्सेलमध्ये तारखा १९०४पासून मोजल्या जात, इतरत्र १९००पासून. एका फाइलमधून दुसरीत आकडे चिकटवताना हा फरक गुपचूप शिरतो. तसंच ३-५ असा प्लॉटचा क्रमांक असला तर एक्सेल त्याची परस्पर तारीख करून टाकतं. कारण कळलं की उपाय सोपा.

घड्याळाचं प्रकरण मात्र सांगण्यासारखं आहे. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात खडकाला घट्ट बसवलेला छोटा लॉगर ठरावीक वेळाने तापमान नोंदवत राहतो. पाण्याखाली असताना त्याची रेघ जवळपास सपाट असते. ओहोटीला तो उघडा पडला आणि ऊन असलं की तापमान भराभर चढतं, आणि पाणी परत आलं की एकदम खाली येतं. म्हणजे पाणी नेमकं कधी पोचलं, हे लॉगरच सांगतो. लॉगरची उंची माहीत असेल तर भरतीच्या कोष्टकावरूनही तीच वेळ काढता येते. मी दोन्ही एकमेकांवर ठेवून पाहिल्या. बहुतेक हंगामांत जुळत होत्या. लाटांमुळे थोडं मागेपुढे व्हायचंच, पण ते कधी इतकं तर कधी तितकं. एका हंगामात मात्र पाणी रोज कोष्टकापेक्षा एक तास उशिरा पोचत होतं. उधाणाच्या मोठ्या भरतीला एक तास, भांगेच्या लहान भरतीलाही एक तास. लाटा इतक्या शिस्तीत वागत नाहीत. लॉगर सुरू करताना ज्या लॅपटॉपला जोडला होता, तो उन्हाळ्यात एक तास पुढे केलेल्या घड्याळावर चालत होता. नंतर सगळ्या वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आणल्या आणि मूळ वेळेचा रकाना शेजारी तसाच ठेवला. समुद्राने घड्याळ तपासून दिलं, याचा मला अजूनही आनंद वाटतो.

डोंगरातले लॉगर जमिनीत थोडे खाली पुरलेले असतात. वर बर्फाची जाड गादी असली की दिवस-रात्रीचा फरक नाहीसा होतो आणि तापमान शून्य अंशाच्या आसपास स्थिर राहतं. बर्फ गेला की रेघ पुन्हा वरखाली व्हायला लागते. त्यामुळे बर्फ कधी पडला आणि कधी वितळला याच्या तारखा मातीच्या तापमानातून मिळतात, आणि हवामान केंद्र नसलेल्या माथ्यावर त्या फार मोलाच्या. तपासणीही त्यातूनच झाली. एका लॉगरची दिवसाची चढउतार एका तारखेपासून अचानक दुपटीने वाढली होती. फील्ड टीमची टिपणं काढली, तर पुढच्या भेटीत तो उकरलेला आणि उघडा पडलेला सापडल्याची नोंद होती. त्या तारखेपासूनचा भाग ‘मातीचं तापमान म्हणून वापरू नये’ अशी खूण करून ठेवला.

पुसला नाही, खूण केली. यावर मी फार ठाम आहे. १९८५ साली ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी हॅली तळावरच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून ओझोन किती घटला आहे ते दाखवलं. उपग्रहाच्या आकड्यांतही ती घट होती, पण इतकी कमी मूल्यं संशयास्पद म्हणून त्यांच्यावर खूण पडली होती. ती जपून ठेवलेली होती म्हणून नासाच्या शास्त्रज्ञांना पुन्हा तपासता आली. विचित्र दिसणारा आकडा चूक असेल किंवा सगळ्यात मोठी बातमी असेल. टेबलाशी बसून ते ठरत नाही.

किनाऱ्याच्या कामात याचं ताजं उदाहरण तारामाशांचं. २०१३पासून उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, मेक्सिकोपासून अलास्कापर्यंत, वीसहून अधिक जातींचे तारामासे अक्षरशः विरघळून मरायला लागले. जिथे आधीच्या वर्षांची मोजणी होती तिथे किती गेले, कुठून सुरुवात झाली, कुठे पुन्हा पिल्लं दिसली, हे सांगता आलं. सनफ्लॉवर तारामाशाला अतिसंकटग्रस्त ठरवतानाही अशा जुन्या मोजण्या कामी आल्या. रोगाचं कारण, व्हिब्रिओ गटातला एक जिवाणू, २०२५ साली समोर आलं. इतकी वर्षं मधे गेली, आणि तोवर हाताशी होती ती मोजणीच.

नावांनी बरंच थकवलं. शास्त्रीय नावं बदलत राहतात. ‘एंटेरोमॉर्फा’ या हिरव्या शैवालाचा समावेश २००३ साली ‘उल्वा’मध्ये झाला. जुन्या पत्रकांत दोघांना वेगळे रकाने, नव्या पत्रकांत एकच. जुन्या नोंदी नुसत्या नव्या नावाखाली टाकल्या तर उल्वा अचानक वाढलेली दिसते आणि नळीसारख्या पानांची शैवालं किती होती ही माहिती कायमची जाते. म्हणून तीन रकाने केले: पत्रकावर लिहिलेलं नाव, आज मान्य असलेलं नाव, आणि सागरी जीवांच्या जागतिक नोंदवहीतला, म्हणजे वर्म्समधला, क्रमांक. नाव पुन्हा बदललं तरी क्रमांकावरून माग काढता येतो. वनस्पतींसाठीही तसंच. शिवाय काही वर्षी टीमला दोन सारख्या दिसणाऱ्या जाती वेगळ्या ओळखता येत नव्हत्या. त्या वर्षांसाठी दोघींचा गट धरला. जितकी खात्री तितकंच नाव.

जागा शोधण्याचं काम फील्ड टीमचं, पण कोडं माझ्याकडे आलं. खडकात बसवलेले खुणेचे बोल्ट बार्नेकलखाली, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या कवचधारी जीवांखाली, झाकले जातात, डोंगरातल्या खुणा मातीत आणि गवतात जातात. टीम मेटल डिटेक्टर घेऊन फिरायची आणि नकाशावरचा ठिपका दाखवेल तिथे काहीच मिळायचं नाही. जुने अक्षांश-रेखांश कोणत्या डेटमवर, म्हणजे मोजण्याच्या कोणत्या आधारचौकटीवर, घेतले होते हे लिहिलेलं नव्हतं, आणि डेटम बदलला की काही भागांत ठिकाण शंभर मीटरच्याही पुढे सरकतं. सरकलेलं अंतर आणि दिशा सगळ्या प्लॉटना सारखीच आहे हे दिसल्यावर उलगडा झाला. काही प्लॉट शेवटी जुन्या फोटोंतल्या दगडांच्या रेषा जुळवून सापडले.

आता ज्या प्रश्नावर सगळ्यात जास्त चर्चा झाली तो. किनाऱ्यावर आधी माणूस क्वाड्रॅटजवळ बसून, शैवालाची पातं उचलून, खाली काय आहे ते पाहून टक्केवारी लिहायचा. पुढे फोटोवर ठिपक्यांचं जाळं टाकून मोजायची पद्धत आली. ती जलद आहे, पुन्हा तपासता येते, ओहोटीचा वेळ वाचतो. पण फोटोला फक्त वरचा थर दिसतो. शैवालाखालचे बार्नेकल त्यात येतच नाहीत. साहजिकच पद्धत बदलली त्या वर्षी बार्नेकल घटल्यासारखे दिसले. दोन्ही मालिका जोडून एकच रेघ काढावी असा आग्रह होता, आणि तो मला समजत होता, कारण अहवालात एक लांब रेघ सगळ्यांनाच हवी असते. सुदैवाने आधीच्या लोकांनी काही हंगाम काही क्वाड्रॅटवर दोन्ही पद्धती एकत्र वापरल्या होत्या. त्या जोड्यांवरून दिसलं की उघड्या खडकावर दोन्ही आकडे जवळ येतात, दाट शैवाल असलेल्या पट्ट्यात अजिबात नाही. म्हणून मालिका वेगळ्या ठेवल्या, प्रत्येक नोंदीपुढे पद्धतीचा रकाना दिला आणि जोडायच्या असतील त्यांच्यासाठी दुहेरी मोजणीचे आकडे स्वतंत्र दिले. दुहेरी मोजणीचे ते हंगाम ज्यांनी खर्च आणि कष्ट सोसून पार पाडले, त्यांचे उपकार मानावे तितके थोडे.

खंडही तसेच ठेवले. हवाईतल्या मौना लोआ या ज्वालामुखी पर्वतावर चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ साली सुरू केलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या मोजणीत १९६४ साली पैसे कापले गेल्याने खंड पडला. नोव्हेंबर २०२२मध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकाने रस्ता आणि वीज तुटली, तेव्हा जवळच्या मौना केआ पर्वतावर तात्पुरती मोजणी सुरू करून मालिका सांभाळली गेली. जगातली सगळ्यात प्रसिद्ध मालिका आपला खंड लपवत नसेल, तर आपण मधली वर्षं अंदाजाने भरण्याचं कारण नाही.

कागदावर नसलेली माहिती माणसांकडे होती. निवृत्त झालेल्या फील्डमधल्या लोकांसमोर मी जुनी पत्रकं ठेवली. अक्षर पाहून कोणी भरलं ते ते सांगत. ‘ही खूण म्हणजे दोघांनी वेगवेगळा अंदाज घेऊन सरासरी लिहिली’ असं एका आजींनी सहज सांगितलं आणि कितीतरी पत्रकांचा अर्थ लागला. अशा गाठीभेटी या कामाच्या वेळापत्रकात धरलेल्या नसतात. त्या धराव्यात, आणि लवकर.

जमा करण्याचा टप्पा मला वाटला होता त्यापेक्षा सुरळीत गेला. रकान्यांना डार्विन कोर या जैवविविधतेच्या नोंदींसाठीच्या प्रमाण शब्दसंचातली नावं दिली, म्हणजे जीबीआयएफसारख्या जैवविविधतेच्या जागतिक भांडारात ते वाचले जातात. दुर्मीळ वनस्पतींची नेमकी ठिकाणं सार्वजनिक प्रतीत मुद्दाम ढोबळ केली, कारण खणून नेणारेही नकाशे वाचतात. परीक्षकांनी विचारलेले बहुतेक प्रश्न आकड्यांबद्दल नव्हतेच: क्वाड्रॅट कसा ठेवला, कोणत्या पाण्याच्या पातळीला काम थांबवलं, नवीन माणसाला किती दिवस शिकवलं. मेटाडेटाची, म्हणजे आकडे कसे मिळाले ते सांगणारी, फाइल शेवटी आकड्यांच्या फाइलीइतक्याच मेहनतीची झाली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ५१६ शोधनिबंधांचा मागोवा घेतला होता. निबंध प्रसिद्ध झाल्यानंतर दर वर्षी त्यामागची माहिती शिल्लक असण्याची शक्यता १७ टक्क्यांच्या दराने घटत जाते असं त्यात आढळलं. डीओआय, म्हणजे जमा केलेल्या माहितीचा कायमचा ओळखक्रमांक, मिळाला त्या दिवशी मला हाच आकडा आठवला.

आता नव्या हंगामाची पत्रकं परत येतात त्याच दिवशी तपासली जातात. रिकामा रकाना असेल तर फॉर्म पुढे जाऊ देत नाही. शून्य, ‘पाहिलं नाही’ आणि ‘यादीत नव्हतं’ यांतलं एक निवडावंच लागतं. लॉगर सुरू करताना घड्याळाचा फोटो काढायचा, हेही प्रोटोकॉलमध्ये आलं. डोंगरातले दोन प्लॉट अजून सापडलेले नाहीत. टीम पुढच्या उन्हाळ्यात जुने फोटो घेऊन पुन्हा जाणार आहे.