तुम्ही विचारलंत म्हणून: जपानमधल्या छोट्या शाळा कशाच्या आधारावर चालतात?

मी पुण्यात जपानी भाषा शिकवते, त्यामुळे एक प्रश्न मला वर्गात, लग्नकार्यात आणि विशेषतः जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवणाऱ्या नातेवाइकांकडून हमखास विचारला जातो: ‘जपानमध्ये एका मुलीच्या शिक्षणासाठी रेल्वे स्टेशन चालू ठेवले होते म्हणे; मग आपल्याकडे पट वीसच्या खाली गेला की शाळा बंद करण्याची भाषा का सुरू होते?’ २०२३ मध्ये राज्य सरकारने समूह शाळांचा, म्हणजे आसपासच्या कमी पटाच्या शाळा एकत्र करून एकच शाळा चालवण्याचा, प्रस्ताव पुढे आणल्यापासून या प्रश्नाला अधिकच धार आली आहे.

आधी त्या स्टेशनविषयी. होक्काइडो बेटावरचे क्यू-शिराताकी हे स्टेशन २६ मार्च २०१६ रोजी बंद झाले आणि तिथून एक विद्यार्थिनी शाळेला जात असे, एवढे खरे आहे. परंतु त्याच दिवशी त्या मार्गावरची आणखी दोन स्टेशने बंद झाली, कारण जपानमध्ये रेल्वेचे वेळापत्रक मार्चमध्येच बदलते आणि शैक्षणिक वर्षही मार्चअखेर संपते; केवळ त्या मुलीसाठी कंपनीने स्टेशन राखले होते, ही जोड व्हॉट्सॲपवरच्या कथेची. शाळांच्या बाबतीतही जपान एवढा हळवा नाही. २००२ ते २०२० या शैक्षणिक वर्षांत तिथे ८,५८० सरकारी शाळा बंद झाल्या.

तरीही डोंगरांत आणि बेटांवर मूठभर मुलांच्या शाळा चालू आहेत, आणि त्यामागे मला दिसते ते एक रूक्ष कलमांचे बाड. १९५४ मध्ये जपानने दुर्गम भागांतील शिक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. त्यानुसार शाळांची दुर्गमता गुण देऊन मोजली जाते: बस थांबा किंवा स्टेशन किती लांब, दवाखाना किती लांब, पोस्ट किती लांब, आणि शाळा बेटावर असेल तर बोटीच्या फेऱ्या किती. या गुणांवरून शाळेला पहिली ते पाचवी अशी श्रेणी मिळते आणि श्रेणीप्रमाणे शिक्षकाला भत्ता मिळतो, जो मूळ पगार आणि कुटुंबभत्ता यांच्या बेरजेच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. (आपल्याकडेही बदल्यांसाठी ‘अवघड क्षेत्र’ ठरवलेले असते, मात्र ते यादीत असावे की नसावे, याचीच चर्चा माझ्या कानावर अधिक येते.) शिक्षकांसाठी घरे बांधणे, त्यांच्या आरोग्याची काळजी घेणे आणि मुलांच्या जाण्यायेण्याची सोय करणे ही त्याच कायद्याने गावाच्या प्रशासनाची कामे ठरवली आहेत. शिक्षकांचा पगार गाव देत नाही. त्याचा एक तृतीयांश भाग केंद्र सरकार उचलते आणि उरलेला प्रांत, त्यामुळे गाव गरीब आहे म्हणून शिक्षक कमी पगारावर राबतो, असे होत नाही.

पण भत्ता आणि घर यांनी शिक्षक गावात राहील. वर्गात तो काय करील, हा खरा प्रश्न आहे. प्राथमिक शाळेत लागोपाठच्या दोन इयत्तांची मिळून १६ किंवा त्याहून कमी मुले असतील, आणि त्यांत पहिली असेल तर ८, तर त्यांचा एकच वर्ग केला जातो. अशा वर्गात बऱ्याचदा पुढे एक आणि मागे एक असे दोन फळे असतात आणि तिसरीची व चौथीची मुले एकमेकांकडे पाठ करून बसतात. शिक्षक तिसरीला नवे गणित समजावून देतात, तेव्हा चौथीचे एक मूल उभे राहून आपल्याच सोबत्यांचा तास पुढे नेते: आज काय शोधायचे आहे, कोणाचे उत्तर वेगळे आले, कसे आले. मग शिक्षक दुसऱ्या फळ्याकडे जातात आणि तिसरी आपली आपण कामाला लागते. या ये-जा करण्याला तिथले शिक्षक ‘वातारी’ म्हणतात. विज्ञान आणि समाजशास्त्र यांसाठी मात्र एका वर्षी एका इयत्तेचा आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या इयत्तेचा भाग दोघींना एकत्र शिकवण्याची सोय असते. हे कौशल्य अंगभूत नसते, ते शिकावे लागते, आणि म्हणून होक्काइडो शिक्षण विद्यापीठात दुर्गम व छोट्या शाळांसाठी स्वतंत्र केंद्र आहे आणि तिथले भावी शिक्षक अशा शाळांत प्रत्यक्ष जाऊन सराव करतात. माझ्या मते साऱ्या व्यवस्थेतली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे, कारण नवा शिक्षक बहुवर्ग अध्यापनाकडे शिक्षा म्हणून पाहत असेल, तर भत्ता कितीही असला तरी तो बदलीचे दिवस मोजत राहणार.

कागोशिमा प्रांतातल्या तोकुनोशिमा बेटावर याच्याही पुढचे पाऊल टाकले गेले. तिथे दोन छोट्या शाळा पडद्यावरून जोडल्या, आणि एका शाळेच्या शिक्षकाने दोन्हीकडच्या तिसरीला, तर दुसऱ्या शाळेच्या शिक्षकाने दोन्हीकडच्या चौथीला शिकवावे, अशी वाटणी केली. त्यामुळे शिक्षकाला एका तासाला एकाच इयत्तेची तयारी करावी लागते, आणि दोन-तीन सोबत्यांची सवय झालेल्या मुलाला आपल्याहून वेगळा विचार करणारे कोणीतरी भेटते.

वरच्या वर्गांत मात्र ही व्यवस्था अडखळते. सातवी ते नववीला प्रत्येक विषयाचा स्वतंत्र परवानाधारक शिक्षक लागतो. वर्ग कमी असले की तेवढे शिक्षक मिळत नाहीत आणि मग खास परवानगी काढून संगीताच्या शिक्षकाने तंत्रज्ञानही शिकवावे, अशी वेळ येते. खेळाचा संघ उभा करण्याइतकीही मुले नसली की शाळा विलीन करा, असे पालकच म्हणू लागतात, आणि त्यांना दोष देणे मला जमत नाही. म्हणून ‘छोटी शाळा टिकवावी का’ याचे माझे ‘होय’ प्राथमिक शाळेपुरतेच आहे, तेही तिथल्या शिक्षकाला घर, भत्ता आणि आधीचे प्रशिक्षण मिळणार असेल तर.